भाराभर चिंध्या आणि अकरा लुगडी

वाचकांचं पत्र:

सप्रेम नमस्कार. गेल्या वर्षी ३१ मे रोजी मी नोकरीतून निवृत्त झाले. साताऱ्याजवळ स्वतःचं घर आहे, मागे अर्ध्या गुंठ्याचं परस आहे. मनात होतं की आता गोधड्या शिवायच्या, परसात भाजी लावायची आणि बत्तीस वर्षं डब्याच्या घाईत राहून गेलेलं सगळं निवांत रांधायचं. चौदा महिने झाले. तीन गोधड्या अर्धवट पोत्यात पडल्यात. पहिली गेल्या जूनमध्ये घेतली, तिला कुबट वास यायला लागला. दुसरी दिवाळीत, दुकानातलं नवं कापड आणून आत जुनं ब्लँकेट घातलं, तिच्यातून सुईच जात नाही. तिसरी फेब्रुवारीत घेतली, बरी चालली होती, पण मध्येच पापड-कुरडयांचं निघालं. गेल्या जुलैत घातलेल्या लोणच्याला बुरशी आली. एप्रिलमध्ये पेरलेली मेथी करपली. यंदा दोडक्याचा वेल मांडवभर झालाय, पण दोडका बोटाएवढा होतो आणि पिवळा पडून गळतो. यजमान म्हणतात, 'एक ना धड, भाराभर चिंध्या.'

मुलगी पुण्याला असते. पहिलीच वेळ, नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातली तारीख आहे. बाळ यायच्या आत आजीच्या लुगड्यांची गोधडी करून ठेवते, असं तिला कबूल केलंय. आई जाऊन दोन वर्षं झाली. तिची अकरा लुगडी माझ्याकडे ट्रंकेत आहेत. पण थोरली बहीण म्हणते, गेलेल्या माणसाची वस्त्रं बाळाच्या अंगाला लावू नयेत आणि आईच्या लुगड्याला कात्री तर लावायचीच नाही. खरं सांगते, कात्री हातात घेतली की मलाही रडू येतं. यातलं काय सोडू? आणि लुगडी फाडू की नको?

उत्तर:

ताई,

यजमानांच्या म्हणीपासून सुरुवात करते. गोधड्या शिवणाऱ्या घरात भाराभर चिंध्या म्हणजे भांडवल. माझ्या सासूबाईंच्या माळ्यावर चिंध्यांची तीन बोचकी असायची. एक पांढऱ्याचं, एक रंगीताचं आणि तिसरं 'बघू' म्हणून बांधून ठेवलेलं. त्या तिसऱ्यातून काय काय निघायचं ते विचारू नका. तेव्हा यजमानांना खुशाल म्हणू द्या.

काय सोडू, असं तुम्ही विचारलंत. काहीच सोडू नका. तुमच्या पत्रातल्या महिन्यांखाली मी पेन्सिलीने रेघा मारल्या. जूनमध्ये गोधडी, जुलैत लोणचं, एप्रिलमध्ये मेथी. हात चांगला आहे तुमचा, पण ३१ मेला नोकरी संपली आणि १ जूनला तुम्ही तिन्ही खाती एकदम उघडलीत. गोधडी, परस आणि चूल यांचा हंगाम असतो हो. आपल्या आज्या-सासवा हे तिन्ही सांभाळायच्या म्हणून आपल्याला त्यांचं कौतुक वाटतं, पण त्या एका वेळी एकच धरायच्या, आणि कधी काय धरायचं ते ऊन-पाऊस ठरवायचा.

सासूबाईंचं माण तालुक्यातलं गाव, पाऊस बेताचा. संक्रांत झाली की एखाद्या दुपारी माळ्यावरची बोचकी खाली यायची. शिमग्यापर्यंत नुसती निवड चालायची. मऊ झालेलं इकडे, विरलेलं तिकडे, अजून दम असलेलं वरच्या पदरासाठी बाजूला. शिमगा झाला की शेतातलं काम आटपलेलं, ऊन तापलेलं, मग पडवीत गोधडी अंथरली जायची. पण त्याच दिवसांत वाळवणं असायची, जशी तुमचीही निघाली. त्याचं गणित त्यांनी असं बसवलं होतं. तीन दिवस भिजवून वाटलेल्या गव्हाचा चीक पहाटेच घाटायचा, ऊन चढायच्या आत कुरडया बाजेवर पाडून व्हायच्या. दहाच्या सुमाराला चूल मोकळी. आता वाळवणाला राखण हवी, कारण कावळे आहेत, कोंबड्या आहेत आणि अर्धवट वाळलेली कुरडई मटकावणारी पोरं तर आहेतच. राखणीला बसलेली बाई रिकामी बसणार नाही. उजव्या हाताशी सुई, डाव्या हाताशी काठी, समोर बाज, मांडीवर गोधडी. कावळा बाजेच्या खुरावर बसला की टाका अर्धाच ठेवून 'हाऽऽड' करायचं आणि पुन्हा टाका पुरा करायचा. त्या गोधड्यांमध्ये मध्येच एखादा टाका लांबडा दिसतो ना, तो कावळ्याचा, असं आमच्या घरी म्हणतात.

म्हणजे बघा, तुमची तिसरी गोधडी ज्या कुरडयांपायी थांबली, त्याच कुरडयांपायी सासूबाईंची पुढे सरकायची. अक्षय्य तृतीयेच्या मागेपुढे गोधडी हातावेगळी व्हायची. मेअखेरीला रोहिणी लागल्या की सुया तेलाच्या चिंधीत गुंडाळून डब्यात जायच्या. मृगाचा पाऊस पडल्यावर कुणाच्या मांडीवर गोधडी दिसली की त्या रागवायच्या.

रागवण्याला कारण होतं, आणि तुमच्या पहिल्या गोधडीचं दुखणंही तेच आहे. सुती कापड पावसाळी हवेतला ओलावा पितं. असे पाच-सहा पदर एकमेकांवर ठेवून टाक्यांनी बंद केले की आतला ओलावा आतच राहतो. वरून हात फिरवला तर कोरडं लागतं आणि पोटात बुरशी. पोत्यात कोंबल्यावर तर बोलायलाच नको. ती गोधडी उसवा. वरचा आणि खालचा पदर धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात भिजवून धुवा आणि ऑक्टोबरच्या कडक उन्हात दोन दिवस टाका. आतल्या ज्या पदरांवर काळे ठिपके पडलेत, ते सरळ पायपुसण्याला लावा. त्यात जीव अडकवू नका.

दुसरीशी भांडू नका. दुकानातल्या नव्या कापडाला खळ असते, वीण घट्ट असते, त्यात पॉलिएस्टर मिसळलेलं असेल तर सुई अडते आणि दोरा करकरतो. आत ब्लँकेट म्हणजे कहरच. गोधडीला कापड लागतं ते वापरून वापरून मऊ झालेलं, सुई आपली आपण पलीकडे जाईल असं. गावातल्या मशिनवाल्याकडे नेऊन तिच्यावर उभ्या टिपा मारून घ्या आणि पाहुण्यांच्या गादीवर टाका. मीही एकदा नव्याच्या मोहात पडले होते. लालभडक खणाचं ठिगळ न धुता मधोमध लावलं. पहिल्या धुण्यात सगळी गोधडी गुलाबी झाली, गुलाबीही धड नाही, आजारी माणसाच्या नखांसारखी. तेव्हापासून कुठलंही रंगीत कापड घेतलं की आधी ओल्या पांढऱ्या फडक्याने चोळून बघते.

तिसरी बरी चालली होती म्हणता ना? मग ती कोरड्या जागी, हवा लागेल अशी घडी करून ठेवा आणि पुढच्या शिमग्यापर्यंत विसरून जा.

आता नोव्हेंबरचं बोलू, कारण गळ्याला फास लागलाय तो त्याचाच. पहिलं बाळंतपण माहेरी होणार असेल, तर मुलगी दिवाळीच्या आसपास तुमच्याकडे येऊन राहील. म्हणजे नोव्हेंबर, डिसेंबर आणि अर्धा जानेवारी तुमच्या हातात सुई नसणार. बाळंतिणीचं ताट असेल, शेक-शेगडी असेल, अळीव-डिंक असेल, रात्रीची जागरणं असतील. आत्ता श्रावण चाललाय, हवा दमट. ऑक्टोबरमध्ये ऊन पडेल तेव्हा दसऱ्याची आवराआवर आणि दिवाळीचा फराळ. गोधडीला वेळ आहे कुठे? आणि मुख्य म्हणजे नोव्हेंबरातल्या बाळाला गोधडी कशाला हवी? जड गोधडी तान्ह्या बाळाच्या अंगावर घालूच नये. हातपाय मारताना ती तोंडावर येऊ शकते, आणि ती बाजूला सारायचं बळ त्याच्यात नसतं. त्या बाळाला दुपटी हवीत.

आणि दुपटी आत्ता होतात. दोनच पदर असतात, श्रावणातही पंख्याखाली वाळतात. तुमच्या स्वतःच्या कपाटातल्या जुन्या सुती सहावारी काढा. नोकरीतल्या बाईकडे त्या असतातच, कलफ करून करून मऊ झालेल्या. साडीचा पन्हा साधारण ४५ इंच असतो. सहा वार म्हणजे २१६ इंच. ४५ इंचांचे चार चौकोन निघतात, त्यांची दोन दुपदरी दुपटी होतात, आणि उरलेल्या एका वारात लंगोट निघतात. तीन साड्यांत सहा दुपटी झाली, सुरुवातीला तेवढी पुरतात, नंतर यजमानांच्या पंचांवर डोळा ठेवा. जर, टिकल्या, गुंड्या काही नको. आणि आतल्या बाजूला दोऱ्याची सुटी टोकं ठेवू नका. तान्ह्याच्या पायाच्या बोटाला दोरा गुंडाळला गेला तर कुणाच्या लक्षात येत नाही आणि बोट सुजतं. दोरा शिवणीतच लपवून मग कापा.

लेकीला सांगा, आजीची गोधडी बाळ पालथं पडायला लागेल तेव्हा मिळेल. नोव्हेंबरातलं बाळ अक्षय्य तृतीयेला पाच-सहा महिन्यांचं असेल, म्हणजे जमिनीवर अंथरलेल्या गोधडीवर लोळायचं नेमकं वय. चिडणार नाही ती. आत्ता तिला स्वतःच्या पायांची सूज पुरेशी आहे.

परसाचं. दोडक्याला दोन दुखणी असू शकतात, आणि कुठलं आहे ते विळीवर कळतं. गळलेला दोडका उभा चिरा. आत अळ्या असतील तर फळमाशी. कोवळ्या सालीत ती अंडी घालते, फळ पिवळं पडून सडतं. गळलेलं एकही फळ वाफ्यात राहू देऊ नका. उचलून पाण्याच्या बादलीत बुडवा, नाहीतर त्याच अळ्या मातीत जाऊन माशा होऊन परत येतात. वेलवर्गीय भाज्यांसाठी क्यू ल्युअरचे, म्हणजे वासाने नरमाश्यांना ओढून घेणारे सापळे मिळतात, एक मांडवाला टांगा. आणि तुमच्याकडे चिंध्या भाराभर आहेत म्हणून सांगते, मलमलीच्या लांबट पिशव्या शिवा आणि दोडका बोटाएवढा झाला की त्याला चढवा, देठाशी सैल गाठ. माझ्या मांडवावर असे आठ-दहा दोडके अंगरखे घालून लोंबत असतात. शेजारची पोरं हसतात. हसू देत.

चिरल्यावर आत स्वच्छ निघालं, तर फळ धरलंच नव्हतं. दोडक्याची फुलं संध्याकाळी उमलतात, तेव्हा मधमाश्या घरी गेलेल्या असतात. मग आपणच मधमाशी व्हायचं. ज्या फुलामागे इवला दोडका असतो ते मादीफूल, नुसत्या देठावर असतं ते नरफूल. दिवेलागणीला नरफूल खुडा, पाकळ्या मागे सारा आणि मधला पराग मादीफुलावर हलके टेकवा. दुधीलाही हेच. लाल भोपळ्याचं फूल मात्र पहाटे उमलतं, तिथे सकाळी लवकर जावं लागतं.

कुंपणाला पावटा आत्ताच टोका. थोडा उशीर झालाय, पण गावठी पावटा दिवस लहान झाल्याखेरीज फुलत नाही, त्यामुळे फारसं बिघडत नाही. भोगीच्या भाजीला घरच्या शेंगा मिळतील. त्याच्यावर मावा पडेलच. रात्री एक लिटर पाण्यात ५० ग्रॅम कुटलेली निंबोळी भिजत घाला, सकाळी गाळा, चिमूटभर साबण मिसळून फवारा. मेथी एप्रिलच्या उन्हात करपणारच होती, तिला थंडी हवी. दसऱ्यानंतर पेरा, महिन्याभरात काढायला येते, म्हणजे बरोबर तुमची बाळंतीण घरात असताना. दर दहा-बारा दिवसांनी एक ओळ टाकत गेलात तर संक्रांतीपर्यंत पुरेल. शेजारी शेपूची ओळ टाका. अर्ध्या गुंठ्यात यंदा एवढंच. वांगी-टोमॅटो बाजारातून आणा, त्यात कमीपणा नाही.

लोणच्याचं थोडक्यात. जुलैतली कैरी पाऊस पिऊन मऊ झालेली असते, तिला पाणी सुटतं. कैरी मृगाच्या आधीची हवी, करकरीत. फोडी पुसून सावलीत वाळवायच्या, बरणी उन्हात तापवायची आणि तेल गरम करून पूर्ण गार झाल्यावर फोडींच्या वर बोटभर राहील एवढं घालायचं. चमचा ओला लागला की सगळं मुसळ केरात. पुढच्या मेमध्ये बघू.

आता ट्रंक.

मला वाटतं, तुमचं सगळं पत्र या ट्रंकेसाठीच होतं. दोडका-मेथी वाटेत भेटली.

गेलेल्या माणसाची वस्त्रं बाळाला लावू नयेत, असं काही घरांत मानतात, तुमच्या बहिणीने ते काही घरी बनवलेलं नाही. काही घरांत याच्या अगदी उलट, पणजीच्या लुगड्याचं दुपटं मुद्दाम करतात, तिचं आयुष्य लाभावं म्हणून. मी दुसऱ्या घरातली आहे. पण बाळाची दुपटी तुमच्या साड्यांची झाली की नोव्हेंबरपुरता हा वादच उरत नाही, आणि बाळंतिणीच्या घरात वाद नसावा. हे एक झालं.

दुसरं जरा अवघड आहे, बोलते तेवढं समजून घ्या. अकरा लुगडी, आणि अकराही तुमच्याकडे. तुम्ही सहज लिहून गेलात, 'माझ्याकडे ट्रंकेत आहेत'. आई शेवटी तुमच्याजवळ राहिली असेल, तुम्ही तिचं केलं असेल, म्हणून ट्रंक तुमच्याकडे राहिली, त्यात काही चूक नाही. पण थोरल्या बहिणीकडे काय आहे? दोन वर्षांत त्या ट्रंकेचं झाकण तिच्यासमोर एकदा तरी उघडलं का? 'कात्री लावायची नाही' असं ज्या बाईला म्हणावं लागतं, तिला बहुतेक वेळा एवढंच म्हणायचं असतं की मला न विचारता लावायची नाही. माझा अंदाज चुकला असेल तर सोडून द्या. पण आमच्या दोघी नणंदांमध्ये सासूबाईंच्या पितळी डब्यावरून चार वर्षं अबोला होता, आणि शेवटी कळलं की डबा दोघींनाही नको होता.

तेव्हा असं करा. घटस्थापनेच्या आधी तुम्ही अंथरूण-पांघरूण धुवायला काढालच. ते करायला बहिणीला दोन दिवस बोलवा. फोनवर ट्रंकेचा विषयही काढू नका, नुसतं म्हणा, एकटीला पिळवत नाही. खरंच पिळवत नाही. कोरडी असताना अडीच किलोची गोधडी पाणी प्यायली की दोघींनी दोन टोकं धरून पीळ द्यावा लागतो. आम्ही ओढ्यावर जायचो, खडकावर वाकळा पसरायच्या, तेव्हा पीळ देताना सुनेच्या हातून टोक सुटलं की सासू चिखलात बसायची आणि वर्षभराचा हिशेब चुकता व्हायचा. तर गोधड्या गच्चीवर वाळत पडल्या की दुपारी ट्रंकही उन्हात काढा. डांबराच्या गोळ्यांचा वास तसाही घालवायचाच असतो. आणि बहिणीला आधी निवडू द्या. ती जितकी घेईल तितकी. सात घेतली तरी घेऊ देत. तुम्हाला गोधडीला एक पुरतं.

हो, एकच. नऊ वार म्हणजे ३२४ इंच. ९० इंचांचे तीन तुकडे करा, त्यातला एक उभा मधोमध फाडा आणि ते अर्धे भाग उरलेल्या दोघांना एकेक जोडा. साधारण ६५ इंच रुंद आणि ९० इंच लांब असा वरचा पदर झाला आणि तसाच खालचा. शिवाय दीड वार उरतं. आत घालायला आईच्या घरातलं काय काय असेल ते आठवा. वडिलांचं धोतर, जुनी चादर, पंचे. तीन पदर आत पुरेत. लुगडं इरकली असेल तर पदराकडचा भाग वेगळा काढा. तो बहुधा रेशमी असतो, सुती अंगाबरोबर धुतला की आटतो आणि गोधडी तिथे चोळामोळा होते. उरलेलं दीड वार पदरासकट बहिणीला द्या.

पैठणी किंवा चांगली रेशमी साडी त्या ट्रंकेत असेल तर तिला हात लावू नका. ती नेसायची. आणि घडीवर विरलेली असेल तर दर तीन-चार महिन्यांनी घडी बदलून ठेवायची.

हे सगळं शिमग्यानंतर. पदर जमिनीवर अंथरा, तळहाताने मधून कडेकडे सारवल्यासारखे सपाट करा, चार कोपऱ्यांवर पितळी डबे ठेवा. वीतभर अंतरावर कच्चे टाके घालून सगळं एकजीव करून घ्या, ही पायरी गाळलीत तर पदर आत सरकतात आणि गोधडीला पोट सुटतं. मग चारी कडा आत मुडपून धावदोरा कडेने सुरू करा, आणि चौकोनात चौकोन करत आत आत या. टाका वर तांदळाच्या दाण्याएवढा दिसावा. दोरा ताणू नका, ताणलात तर कापड चुणतं. दोन ओळींत पाऊण इंच अंतर धरलं तर सगळा धावदोरा मिळून २०० मीटरच्या आसपास होतो. ऐकून घाबरू नका. तासाला पाच मीटर हात चालला तर चाळीस तास, रोज दुपारचा दीड तास धरला तर महिन्याच्या आत. अंगुस्तान घाला, नाहीतर आठवड्यात बोटाची चाळण होते. दर वीस मिनिटांनी उठा, पाणी प्या, वाळवण परता. गडद कापडावरचे टाके सकाळच्या उजेडात घ्या, वय साठीपुढचं आहे, डोळ्यांशी जबरदस्ती नको.

शेवटी मधोमध हातभर जागा उरते. आमच्याकडे त्याला गोधडीचं पोट म्हणतात आणि ते उपाशी मिटायचं नाही असा सासूबाईंचा दंडक होता. चार तांदळाचे दाणे आत टाकून वरून ठिगळ लावायचं. ते ठिगळ तुमच्या साडीचं लावा. पणजी, आजी आणि दुपट्यांतली साडी असं सगळं जुळून येईल, आणि लेकीला ते बोटाने दाखवता येईल.

राहिलं रडू. कात्री हातात घेतली की येतं म्हणालात. जुनं सुती लुगडं कात्रीने कापत नाहीतच. काठाला कात्रीचा बोटभर चिमटा द्यायचा आणि हाताने फाडायचं, धाग्याला धरून ते सरळ फाटत जातं. कात्रीने कापलेलं वाकडं जातं. पण ९० इंचांचा तुकडा उभा फाडायला एक माणूस पुरत नाही. एकीने एक टोक धरायचं, दुसरीने दुसरं, आणि दोघींनी एकदम मागे सरायचं. तेवढ्यासाठी शिमग्यानंतर बहिणीला पुन्हा एकदा बोलवा.